वडुरीची बुडणारी सुई

वडुरीच्या समाजमंदिरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या अंगाला, आणि ज्यांना आत शिरता आलं नाही ते खिडक्यांचे गज धरून बाहेर लोंबकळलेले. मधोमध एक पितळेची परात, परातीत पाणी, पाण्यावर कुंकवाचा पातळ थर, आणि त्या थरावर निवांत पहुडलेली शिवणकामाची एक सुई.

सुई चक्क तरंगत होती. आजवर वडुरीत लोखंडाची जी वस्तू पाण्यात पडली ती तळ गाठूनच थांबली होती. केशवराव सरपंचांचा मोबाइलसुद्धा त्याला अपवाद नव्हता. त्यामुळे गावाचा श्वास वरच्या वर अडकला होता.

परातीमागे जलदर्शी महाराज बसले होते. भगवी कफनी, डोळ्यांत काजळ, उजव्या करंगळीचं नख चांगलं बोटभर वाढवलेलं.

"लोखंड पाण्यावर कसं राहिलं?" महाराजांनी विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच दिलं. "खालून जलदेवतेनं तळहात लावला आहे. आता मी एकेक नाव घेईन. निष्पाप माणसाच्या नावाला देवता हात काढत नाही. करणी करणाऱ्याचं नाव आलं, की काढते. पाण्याला जात नाही, पाण्याला पार्टी नाही, पाण्याला निवडणूक लढवायची नाही. म्हणून पाणी खरं बोलतं. परदेशातले शास्त्रज्ञ सतरा वर्षं माझ्या परातीपुढे बसून होते. शेवटी थकून उठले."

केशवराव सरपंच प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. निवडणुकीच्या वाक्याला जरा कमी डोलावली.

बायकांच्या मागच्या रांगेत गोदाबाई गावंडे बसली होती. माहेर वडुरीचं, पण नवरा गेल्यावर अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती परिचर म्हणून लागली, त्याला सव्वीस वर्षं झाली. भाचा नितेशच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, ती दोन दिवसांची रजा टाकून भावाकडे आली होती. साक्षगंध सकाळी आटोपलं आणि दुपारी सगळे पाहुणेच महाराजांचा चमत्कार पाहायला उठले, तेव्हा तीही आली.

प्रकरण असं होतं, की दीड महिन्यात गावातली सहा वासरं मेली होती. संध्याकाळी चांगलं उड्या मारणारं वासरू सकाळी लंगडायचं, मांडीला सूज यायची आणि दुसऱ्या दिवशी खेळ खलास. गोदाबाईच्या भावाचा, रामरावांचा, एक गोऱ्हाही त्यात गेला. कुणीतरी म्हणालं करणी, आणि मग दुसरं काही म्हणायची कुणाला गरजच वाटली नाही. एक जण मूर्तिजापूरला गेला तो ढोरांचा डॉक्टर आणायला नव्हे, महाराजांना आणायला.

महाराज नाव घेत, बोट बुडवत. एक नाव, दोन नावं, आठ नावं. सुई हलली नाही. ज्याचं नाव होई तो कपाळावरचा घाम पुसून मागे सरके.

नववं नाव त्यांनी सावकाश घेतलं. "माणिकबाई."

बोट पाण्याला लागलं मात्र, कुंकू विंचू पाहिल्यासारखं चहूकडे पळालं आणि परातीच्या काठाला जाऊन चिकटलं. सुई कलली, टोक खाली गेलं, आणि ती गपकन बुडाली.

माणिक गोदाबाईची लहानपणची मैत्रीण. दोघींनी एकाच विहिरीत पोहायचं शिकून एकाच दिवशी त्यासाठी मार खाल्ला होता. तरीसुद्धा सुई बुडाली त्या क्षणी गोदाबाईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं ते इतर दीडशे माणसांनी पाहिलं तसंच. अर्धा क्षणच. पण पाहिलं.

माणिकबाई गावात पिठाची गिरणी चालवी. अंगावर कायम पीठ, जिभेवर कायम तिखट. ती उठून उभी राहिली.

"मी दळन दळतो, करनी करत नाई," ती म्हणाली. "सकाळी मी या बुवाले इचारलं, का ढोराच्या डाक्टरले काहून नाई बलावलं. तवाच याचं तोंड उतरलं होतं. आता माहं नाव निघालं."

"देवता बोलली की दोषी माणूस असाच चवताळतो," महाराज शांतपणे म्हणाले. "पुढच्या रविवारी मी येऊन बंदोबस्त सांगतो. तोवर हिच्या हातचं काही घेऊ नका. पीठ तर नाहीच."

माणिकबाई निघाली तशी गर्दी दोन्हीकडे दुभंगली. ब्रेक नसलेल्या एसटीला वाट द्यावी तशी.

मग पाण्याचा प्रश्न आला. हे पापाचं पाणी, ते गावाच्या शिवेबाहेर टाकायचं. कोण नेणार? आत्तापर्यंत पुढे बसायला भांडणारे लोक एकाएकी मागे सरकले.

"मी नेतो," गोदाबाई उठली. "मी तं पाहुनी हाये. उद्या अमरावतीले चालली."

महाराज पहिल्यांदा जरा अडखळले. "बाई, हे पाणी जड असतं."

"सव्वीस वर्सं बाटल्या भरभरून पानी उचलून राहिली मी. द्या इकडं."

परात घेऊन ती शिवेपर्यंत गेली. चालताना पाणी हिंदकळलं, आणि काठाशी बारीक बुडबुड्यांची एक ओळ उभी राहिली. साध्या पाण्याचे बुडबुडे आले तसे फुटतात. हे फुटेनात. गोदाबाई थांबली. परात खाली ठेवली. नाक पाण्याजवळ नेलं. कुंकवाच्या वासाखालून लिंबाचा हलका वास आला.

हे बुडबुडे तिच्या ओळखीचे होते. तिच्या नोकरीवर एकदा बालंट आलं होतं ते या बुडबुड्यांमुळेच.

प्रयोगशाळेत चारुता अंबुलकर नावाची मुलगी पीएचडी करत होती. वकिलाची लेक, स्वभावानं गोड, पण कामात चिकाटीची. तिचा विषय साबण. म्हणजे साबणासारखे पदार्थ पाण्यात गेल्यावर नेमकं काय करतात, ते पाण्यात वीज सोडून, ती किती वाहते यावरून ताडायचं. गेल्या वर्षी एकदा तिचे आकडे तीन आठवडे चुकत राहिले. शेवटी कळलं, की एका काचपात्राच्या तळाला धुण्याच्या साबणाचा अंश राहत होता. डोळ्याला दिसणार नाही इतका. पण यंत्राला दिसत होता. खापर गोदाबाईवर फुटलं. विभागप्रमुख चार माणसांत बोलले. तेव्हापासून गोदाबाई प्रत्येक भांडं नऊ वेळा विसळत असे, आणि साबण गेला की राहिला हे काठावरच्या बुडबुड्यांवरून सांगत असे. चारुताचं यंत्र तिला कधी खोटं पाडू शकलं नव्हतं.

गोदाबाईनं आपली पाण्याची बाटली रिकामी केली. सवयीप्रमाणे ती परातीतल्याच पाण्यानं तीन वेळा विसळली, मग भरली. येताना हापशीवरून दुसरी एक बाटली साध्या पाण्याची भरली. मग ती थेट गिरणीत गेली.

गिरणी बंद होती. माणिकबाई पट्ट्याजवळ बसून होती. दारावरून दोन बाया डोक्यावर गव्हाचे डबे घेऊन पुढच्या गावच्या गिरणीकडे चालल्या होत्या, तीन किलोमीटर.

"पानी साबनाचं होतं, माणिक," गोदाबाई म्हणाली.

"आसंन," माणिकबाई म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. "पन तूबी पाह्यलं माह्याकडं. मी पाह्यलं तुले पाहताना."

गोदाबाईनं दोन्ही बाटल्या खाली ठेवल्या आणि ती तिच्याजवळ बसली.

घरी रामराव वेगळ्याच काळजीत. "अक्का, तू याच्यात पडू नको. नितेशचे सोयरे काय म्हनतीन? काल साक्षगंध झालं आन आज घरची बुढी बुवाशी भांडून राहिली."

"काल नाई, आज सकाळी झालं," गोदाबाई म्हणाली. "आन बुढी कोन रे?"

दुसऱ्या दिवशी अमरावतीत चारुतानं दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. दोन्ही सारख्याच दिसत होत्या, एकात तेवढी कुंकवाची लाली.

"मावशी, नुसती वीज किती वाहते ते पाहून नाही कळायचं," ती म्हणाली. "तुमचं गाव खारपाण पट्ट्यातलं. पाण्यात आधीच इतकं मीठ आहे की वीज धो धो वाहणार. थोड्याशा साबणाचा पत्ता लागणार नाही."

"मंग?"

"मग दुसरी रीत." तिनं दोन्ही पाणी गाळून दोन पात्रांत घेतलं, दोन्हींत एका पिवळ्या क्षाराचे सारखे थेंब टाकले, तीन बारीक कांड्या बुडवल्या आणि त्यांच्या तारा यंत्राला जोडल्या. "हा क्षार या कार्बनच्या कांडीपाशी येऊन विजेची देवघेव करतो. केली की पडद्यावर असा उंचवटा उठतो. हापशीचं पाणी पाहा."

पडद्यावर टेकडीसारखी रेघ उठली.

"आता महाराजांचं पाणी."

टेकडी उठली खरी, पण बसक्या भाकरीसारखी.

"साबणाच्या कणाला एक डोकं असतं, पाणी आवडणारं, आणि एक शेपटी, पाणी न आवडणारी," चारुता सांगू लागली. "शेपटीला पाण्यात राहायचं नसतं. म्हणून हे कण जागा मिळेल तिथे कडेला जाऊन बसतात. कांडीवर बसतात, पाण्याच्या वरच्या थरावर बसतात."

"एसटीच्या दारात बसते लोक, तसं," गोदाबाई म्हणाली. "आतले उतरू शकत नाई, बाहेरचे चढू शकत नाई."

"अगदी तसंच. म्हणून क्षाराला कांडीपर्यंत पोचता येत नाही आणि टेकडी बसते. मिठानं असं होत नाही."

"आन दारात जागाच नाई उरली तं?"

चारुता हसली. "तर मग ते आत घोळके करतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. किती साबणाला घोळके होतात, तो आकडा काढण्यात माझी तीन वर्षं गेली. पण महाराजांना तेवढा साबण लागतच नाही. नुसता वरचा थर भरला की काम झालं. त्याला चिमूटभर पुरे."

"नखात मावंन इतका?"

"नखात मावेल इतका." मग ती जरा गंभीर झाली. "पण मावशी, पाण्यात साबण होता एवढंच हे यंत्र सांगतं. तो कुणी टाकला, हे ते सांगू शकत नाही. कुणी म्हणेल, परातच नीट धुतली नव्हती."

"त्ये मी पायतो," गोदाबाई म्हणाली. "धुन्याचं खातं माह्याकडं हाये."

रविवारी चारुताही तिच्याबरोबर वडुरीला गेली. समाजमंदिर आधीपेक्षा जास्त भरलं होतं, कारण आज बंदोबस्त होता, आणि बंदोबस्त म्हणजे माणिकबाईनं गाव सोडायचं, हे सगळ्यांनी न बोलता धरून ठेवलं होतं. माणिकबाई एकटी खांबाला टेकून बसली होती. गोदाबाई गर्दी ओलांडून गेली आणि तिच्याशेजारी बसली. माणिकबाईनं लुगडं सावरून जागा केली.

आधी चारुतानं आलेख दाखवून समजावून सांगायचा प्रयत्न केला. गावानं दोन मिनिटं भक्तिभावानं ऐकलं, तिसऱ्या मिनिटाला जांभई दिली. केशवरावांनी कागद उलटा धरला आणि खालच्या आवाजात विचारलं, "हा माणिकबाईच्या छातीचा इसीजी हाये का?"

महाराज प्रसन्न झाले. "शहरातली विद्या," ते म्हणाले. "यंत्राला देवता दिसत नाही, लेकरा. यंत्राला बटण असतं, देवतेला नसतं."

तेवढ्यात गोदाबाई उठली. हातात तांब्या, पितळेचं तबक आणि पदराआड काहीतरी.

"महाराज, मांगच्या बारी सेवा राहून गेली," ती नम्रपणे म्हणाली. "नाव घ्यायच्या अगोदर तुमचे हात धुवून घेतो."

बायकांत पसंतीची कुजबुज झाली. इतक्या लोकांसमोर सेवा कशी नाकारणार? महाराजांनी हात पुढे केला. डावा.

"उजवा द्या. डाव्या हातानं कोनी सेवा घेते का?"

उजवा आला, पण करंगळी आत मिटलेली. तान्ह्या लेकराची मूठ उघडावी तशी गोदाबाईनं ती हळूच उघडली. पदराआडून तिनं परीक्षानळ्या धुवायचा गोल ब्रश काढला, नखाखाली घातला, वरून तांब्यानं पाणी सोडलं आणि सव्वीस वर्षांच्या सरावानं फिरवला.

तबकात फेस आला.

आधी थोडा, मग भरपूर. पांढराशुभ्र फेस महाराजांच्या बोटांवरून मनगटावर चढला, रुद्राक्षांच्या माळेत शिरला. लिंबाचा वास पहिल्या तीन रांगांपर्यंत गेला.

रामरावांची बायको केशरबाई नाक वर करून म्हणाली, "हा तं भांड्याच्या साबनाचा वास हाये."

"हे दिव्य तेज आहे," महाराज म्हणाले. "फेसरूपानं प्रकट होतं."

"आमच्या घरी रोज दोन टाइम प्रकट होते," केशरबाई म्हणाली.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. गोदाबाई हसली नाही. ती काचेचं भांडं धुवावं तसा हात विसळत होती, नऊ वेळा, शेवटचं पाणी स्वच्छ उतरेपर्यंत. मग तिनं परात घासूनपुसून, विसळून हापशीच्या पाण्यानं भरली. एक सुई केसांतल्या तेलावरून फिरवली आणि कागदाच्या कपट्यावर ठेवून पाण्यावर सोडली. कागद भिजून खाली गेला, सुई वर राहिली. तिच्या हातानंही देवतेचा तळहात लागला, हे पाहून लोक पुढे वाकले.

"आता घ्या माणिकबाईचं नाव."

"बाईनं हात धरला. शक्ती विटाळली."

केशवराव म्हणाले, "घ्या ना महाराज. पान्याले पार्टी नसते म्हने."

महाराजांनी नाव घेतलं, करंगळी बुडवली. सुई तरंगत राहिली. त्यांनी नाव पुन्हा घेतलं, मोठ्यानं. तिसऱ्यांदा तर खिडकीवरच्या माणसांच्या कानठळ्या बसल्या. सुई ढिम्म.

गोदाबाईनं झाडूची एक काडी तबकातल्या फेसात बुडवली. "जलदर्शी महाराज," असं म्हणून काडी पाण्याला लावली. सुई गपकन बुडाली.

तिनं परात धुवून पुन्हा भरली. "केशवराव सरपंच." सुई बुडाली. केशवराव ताडकन उभे राहिले, मग आपण उभे का राहिलो हे न कळून खाली बसले. पुन्हा परात, पुन्हा सुई. "रामरावचा गोऱ्हा." बुडाली.

"आता सांगा," गोदाबाई म्हणाली, "मेलेल्या गोऱ्ह्यानं सोताच सोतावर करनी केली का?"

हशा इतका उसळला, की खिडकीवरचे दोघे खाली पडले. आता चारुताचं ऐकायला लोक तयार झाले. तिनं सोपं करून सांगितलं. पाण्याचा वरचा थर ताणलेल्या कापडासारखा असतो. तेल लावलेली हलकी सुई त्यावर अलगद ठेवली तर ती त्या ताणावर झोपून राहते. साबणाचा कण आला की तो ताण तिथं सैल पडतो. बाजूचं ताणलेलं पाणी कुंकवाला आपल्याकडे ओढून नेतं, आणि आधार गेला म्हणून सुई बुडते. निष्पाप माणसांच्या वेळी महाराज साबण न लागलेली तर्जनी बुडवत. ज्याला बुडवायचं त्याच्या वेळी करंगळी.

"मंग वासरं कशानं मेली?" मागून एकानं विचारलं. प्रश्न खरा होता.

उत्तर माणिकबाईनं दिलं. "मी मंगळवारी ढोराच्या डाक्टरले फोन लावला होता. थो येऊन गेला. तुमी कोनी माह्या घराकडं पाहत नव्हते म्हनून तुमाले दिसला नाई. फऱ्या रोग हाये म्हने. पावसाळ्याच्या अगोदर लस टोचा लागते. या वर्सी गावात कोनीच टोचली नाई. जे वासरं राहिले त्याइले उद्या टोचाले येऊन राहिला."

जिला गावाबाहेर काढायला लोक जमले होते, गावाची उरलेली वासरं वाचवायची तजवीज तिनंच करून ठेवली होती.

इकडे महाराज मागच्या दारानं निघत होते. दारात पोलीस पाटील उभे होते. जादूटोण्याविरुद्ध राज्यात कायदा आहे, आणि कुणावर करणीचा आळ घेणं त्यात बसतं, हे त्यांना माहीत होतं. आठ दिवसांपूर्वीही माहीत होतं, पण तेव्हा ते पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते. आज त्यांनी मूर्तिजापूरच्या ठाण्याला फोन लावला.

केशवराव माणिकबाईपुढे जाऊन उभे राहिले. "बाई, चुकलं आमचं."

"चुकलंच," ती म्हणाली. "आठ दिवस माह्या दारात कुत्रं आलं नाई. हे तुमाले दोन मिनिटांत इसरता येत आसंन, मले कसं इसरता येईन?" तिनं गोदाबाईकडे पाहिलं. "हिनंबी पाह्यलं होतं. पन हिनं नुसतं पाह्यलं नाई, मंग हात घातला."

केशवरावांनी गोदाबाईला आग्रह केला, की ताई, दोन शब्द बोला. गोदाबाईनं उभ्या जन्मात भाषण केलं नव्हतं. तिनं पदरानं हात पुसले.

"मी शिकली नाई," ती म्हणाली. "मी भांडे धुतो. त्या पोरीचं यंतर मले पुरतं कळत नाई, पन एक गोष्ट मले तिच्या कामातून समजली. तिचा आकडा चुकला तं थे कोनावर करनीचा आळ घेत नाई. भांडं पायते, पानी पायते, पुन्हा करून पायते. तीन आठवडे लागले तरी पायते. तुमीबी पाहत जा. हात धुवाले लावा, पानी बदलाले लावा, दुसऱ्याच्या हातानं करून पाहा. जो खरा आसंन थो नाई म्हननार नाई." तिनं माणिकबाईकडे पाहिलं. "सुई काहून बुडली, हे इचारत जा. मानूस बुडवाच्या अगोदर इचारत जा. मी त्या दिवशी अर्धी घडी नाई इचारलं, त्याची मले अजून लाज वाटते."